दोनडोळीची डावी वायर

प्रिय शहाणे,

पाकिटावर तुझ्या बाबांचं अक्षर पाहून तू हे घाईघाईने फोडलं असशील आणि आत माझे कोंबडीचे पाय दिसल्यावर आता तुझ्या नाकपुड्या फुगल्या असतील. लबाडी केली, असं वाटत असेल. फाडायचं असेल तर जरूर फाड, पण सगळं वाचून मग फाड. तुझी अट माझ्या चांगली लक्षात आहे. आठ महिने आणि अकरा दिवस मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहितोय तेही अट पाळूनच. कसं, ते शेवटी येईल. मधलं गाळून शेवटावर उडी मारायची तुझी सवय मला ठाऊक आहे, म्हणून आधीच हात जोडतो. या एका वेळी मारू नकोस.

आधी ख्यालीखुशाली. मी मास्तरांच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात चांगला रुळलोय. तू गेलीस तेव्हा मी तिथे नुसता तोंड लपवायला बसायचो, आता माझं स्वतःचं टेबल आहे. टेबल म्हणजे जुना दरवाजा, दोन कपाटांवर आडवा टाकलेला. त्याच्या कुलपाच्या भोकातून मी दिव्याची वायर घेतली आहे. भिंतीला छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर लोकांचे रेडिओ, टेपरेकॉर्डर, रेकॉर्ड प्लेअर, आणि प्रत्येकाच्या गळ्यात सुतळीने बांधलेली चिठ्ठी, 'घरघरतो', 'मधेच रुसतो', 'तापतो'. मास्तर म्हणतात, तुझ्या गळ्यात तिन्ही चिठ्ठ्या बांधायला हव्यात. त्यांनी माझं नाव फ्यूज ठेवलंय. जरा भार वाढला की उडतो, म्हणून. आता सगळी गल्ली मला त्याच नावाने हाक मारते, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलंय.

पहिले तीन महिने त्यांनी मला कशालाही कथलाचा डाग देऊ दिला नाही. स्क्रू काढायचे, ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने वाट्यांमध्ये ठेवायचे, धूळ पुसायची, बस. शिवाय एक जाचक नियम होता. ग्राहक आपलं दुखणं सांगत असेल तेव्हा आपण बोलायचं नाही. पहिल्या आठवड्यात मी एका शिंपीणबाईंना त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत सांगून टाकलं की तुमच्या रेडिओचा कंडेन्सर गेलाय. मास्तरांनी शांतपणे कानामागची पेन्सिल काढली आणि माझ्या दातांत आडवी दिली. तेव्हापासून दुकानात कुणी शिरलं की पेन्सिल माझ्या दातांत. आलेल्या माणसाला वाटतं पोरगं भुकेलं आहे. पण गंमत सांगू? शिंपीणबाईंचा कंडेन्सर ठीकच होता. त्यांच्या शेजाऱ्याने नवं यंत्र बसवलं होतं आणि त्याची घरघर रेडिओत येत होती. त्यांनी बोलता बोलता ते सांगितलं असतं, मी बोलू दिलं असतं तर.

कॉलेजचंही आता हसू येतं. तिसऱ्या वर्षाच्या प्रयोगशाळेत सरांनी माझं रीडिंग चुकीचं म्हटलं, मी भर वर्गात त्यांना नवा चष्मा घ्यायला सांगितलं, त्यांनी मला लेखी माफी मागायला सांगितलं आणि मी लेखी दिलं ते कॉलेजातून नाव काढून घेण्याचं. तू म्हणाली होतीस, एवढा सुवाच्य अर्ज तू आयुष्यात पहिल्यांदा लिहिलास. मागच्या महिन्यात तसंच मीटर हाताळताना माझ्या ध्यानात आलं की त्या दिवशी मी त्याचं बटण भलत्याच घरावर ठेवलं होतं. सर बरोबर होते. मी त्यांना जाऊन भेटलो. ते म्हणाले, पुढच्या वर्षी परत यायचं असेल तर ये, चष्मा मी बदलला आहे. माझी आई शेजाऱ्यांना वर्षभर 'शिकतोय' असं सांगत होती. मला वाटतं, खोटं बोलत नव्हती बिचारी.

आणि तुझ्यावाचून कसं चाललंय, हे विचारशील तर (विचारणार नाहीस, माहीत आहे) सांगतो. तुझ्या शहराकडे जाणारी बस रोज पाच वाजून दहा मिनिटांनी आमच्या दारावरून जाते. ती गेली की मास्तर पाच मिनिटं माझ्या हातात डाग द्यायची गरम कांडी देत नाहीत. एकदा दिली होती, तर मी एका आजोबांच्या रेडिओचं बटण वितळवलं. तुझा हातरुमाल अजून माझ्याकडेच आहे. धुतलेला नाही. हे वाचून नाक मुरडू नकोस, आणि मुरडलंस तरी मला इथून दिसतंय.

आता मुद्द्याचं. दोन आठवड्यांपूर्वी एका दुपारी दुकानाच्या दारात बाबा उभे राहिले. हातात घोंगडीत गुंडाळलेलं तुमच्या घरचं मशीन.

तू त्या मशीनच्या अंगाखांद्यावर वाढलीस, म्हणून तुला त्याचं अप्रूप नाही. आमच्या धंद्यात त्याला 'दोनडोळी' म्हणतात, पुढच्या बाजूच्या त्या दोन पिवळ्या खिडक्यांमुळे, ज्यांत गाण्याबरोबर काटे नाचतात. ते बनवणारी कंपनी यंदा शंभर वर्षांची झाली. सुरुवात दारावरच्या घंटा आणि कारखान्यांचे भोंगे बनवण्यापासून. दोनडोळीच्या आधी घरातला गाण्याचा संच म्हणजे एक भलंमोठं कपाट असायचं, सगळं पोटात आणि तोंड एकच. या लोकांनी ते कपाट फोडून वेगवेगळं केलं. रेकॉर्ड वाजवणारं वेगळं, ताकद देणारा अॅम्प्लिफायर वेगळा (दोनडोळी ती हीच), स्पीकर दोन, सगळे एकमेकांच्या मापाचे, आणि पगारदार माणसाला घेता येईल असे. दोन्ही स्पीकरच्या बरोब्बर मधे खुर्ची टाकून बसलं की जिथे काहीच नाही अशा जागी गाणारी बाई उभी राहते. मास्तर सांगतात, त्यांनी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा उठून भिंतीवर हात फिरवून पाहिला होता. कंपनीने शंभरीच्या निमित्ताने तोच चेहरा देऊन नवं मशीन काढलंय. मास्तरांना त्याविषयी विचारलं तर म्हणाले, डोळे तेच आहेत, नजर वेगळी.

तर बाबा दारात आणि मी टेबलापाशी, दातांत पेन्सिल. मी तिथे असतो, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी मला पाहिलं आणि ते वजनासकट मागे वळले. मास्तर हातातलं काम न सोडता म्हणाले, "अठरा किलो उचलून राग धरता येत नाही हो. दोन्हीतलं एक काहीतरी खाली ठेवा." बाबांनी मशीन खाली ठेवलं. राग ठेवला नाही, पण मशीन ठेवलं. डावा आवाज येत नाही, आणि एक डोळा विझलाय, एवढंच मास्तरांना सांगितलं आणि माझ्याकडे न पाहता गेले. मास्तरांनी ते उचललं आणि माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मी म्हटलं, मास्तर, हे नको. ते म्हणाले, मी विचारलंय का?

त्या दिवशी तुमच्या घरी मी काय केलं, ते तुला सांगायची गरज नाही, पण मला सांगायची गरज आहे. तू मला पहिल्यांदा घरी नेलंस. तू आत चहा करत होतीस. बाबांनी माझ्यासाठी रेकॉर्ड लावली. दोन मिनिटांत मला कळलं की एका स्पीकरच्या दोन वायरी उलट्या जोडल्या आहेत. असं झालं की आवाज येतो, बंद पडत नाही, पण एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. दोघे एकमेकांशी भांडतात आणि मधे उभी राहणारी बाई विरघळून जाते. मी म्हणालो, काका, किती वर्षं खोटं ऐकताय? ते म्हणाले, राहू दे. मी म्हणालो, दोन मिनिटांचं काम आहे. ते पुन्हा म्हणाले, राहू दे. मी कपाट पुढे ओढलं, मागे शिरलो आणि डाव्या वायरींची अदलाबदल केली. वर 'आता ऐका' असं म्हणालोसुद्धा. त्यांनी उठून दार उघडलं आणि धरून ठेवलं. तू चहाचा ट्रे घेऊन आलीस तेव्हा मी जिन्यावर होतो आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात खरं बोलणाऱ्या माणसाच्या नशिबावर भाषण देत होतो.

दुसऱ्या दिवशी तू फोनवर सांगितलंस की मी गेल्यावर बाबांनी गुडघ्यावर बसून सगळं पुन्हा होतं तसं जोडलं. आणि मी हसलो. बाकी सगळं तू माफ केलं असतंस, ते हसणं केलं नाहीस. आणि मग बसस्टॉपवर मला ती अट घातलीस.

आता ऐक. आमच्यात एक रीत आहे. जो कारागीर मशीन उघडतो तो काम झाल्यावर झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख, केलेलं काम आणि आपली खूण लिहितो. मालकाला ते कधी दिसत नाही. ते पुढच्या कारागिरासाठी असतं. दोनडोळीचं खालचं झाकण मी काढलं तर आत एकच नोंद होती. एकोणीस वर्षांपूर्वीची. अक्षर मास्तरांचं. आवाजाचं बटण साफ केलं, असं लिहिलं होतं, आणि खाली:

'डावा उलटा. बाई घरात होत्या. बोललो नाही.'

मी झाकण हातात घेऊन किती वेळ बसलो कोण जाणे. पाच दहाची बस गेलेली मला कळली नाही, यावरून ओळख. मग मास्तरांना विचारलं. त्यांना सगळं आठवत होतं. ते तुमच्याकडे काम करायला आले होते तेव्हा तू दीड-दोन वर्षांची, त्यांच्या पेचकशाला लोंबकळत होतीस. तुझी आई त्यांना म्हणाली, मागच्या वायरींना हात लावू नका हं, त्या मी जोडल्या आहेत, पुस्तक बघून, एकटीने. प्रत्येक जोडीतल्या एका वायरीला ओळखीसाठी निळा दोरा बांधला होता, शिवणाच्या रिळातला. मास्तरांनी पाहिलं, ऐकलं, आणि ते बाईंना म्हणाले, झकास जोडलंय. दुकानात मला एवढंच म्हणाले, चूक दिसणं हे निम्मं काम आहे, फ्यूज.

शहाणे, माझे कान असे तापले की त्यांवर डाग देता आला असता. वीस वर्षांपूर्वी तुझ्या आईने केलेली जोडणी मी दोन मिनिटांत बदलली होती, तिच्या फोटोसमोर, आणि वर 'आता ऐका' म्हणालो होतो.

काम मी जीव लावून केलं. डाव्या बाजूचे दोन कंडेन्सर फुगले होते, ते बदलले. विझलेल्या डोळ्याचा दिवा हल्ली मिळत नाही. मास्तरांच्या डब्यात एक होता, पण तो दुसऱ्या डोळ्यापेक्षा पांढरा पडत होता. मग चहाच्या पाण्यात कागद बुडवून, वाळवून, त्याची चकती दिव्यावर लावली. आता दोन्ही डोळे सारखे पिवळे आहेत. झाकणावर लिहिलं मात्र नाही. ग्राहकाने आपल्या घरात, आपल्या खुर्चीत ऐकल्याशिवाय लिहायचं नाही, हाही मास्तरांचा नियम. आणि ज्याने दुरुस्त केलं त्यानेच पोचवायचं, हा तिसरा. तो त्यांनी त्याच सकाळी काढला, असा मला संशय आहे.

काल अकरा वाजता मी तुमच्या दारात. घंटा वाजवली आणि दातांत पेन्सिल धरली. बाबांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, पेन्सिलीकडे पाहिलं आणि बाजूला झाले. घरात काही बदललेलं नाही. तुझ्या खोलीचं दार किलकिलं आहे, बाबांच्या चष्म्याच्या दुकानातला तो अक्षरांचा तक्ता अजून स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे, आणि आता खालची ओळ मलाही वाचता येत नाही. मी मशीन जागेवर ठेवलं. कपाटामागे वायरी पडल्या होत्या, चार टोकं, त्यांतल्या दोन टोकांना निळा दोरा. विटून राखाडी झालेला, पण गाठ घट्ट. दोऱ्याची वायर मशीनमागच्या लाल खुंटीला लावायची, उजव्या बाजूला ते बरोबर होतं. डाव्या बाजूचा दोरा चुकीच्या वायरीला होता. मी उजवी बाजू जोडली आणि थांबलो. गुडघ्यांवर बसल्या बसल्या मागे वळलो, पेन्सिल काढली आणि विचारलं, "काका, डावी कशी जोडू?"

आणि पेन्सिल परत दातांत धरली.

मी मोजत नव्हतो, पण स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता आणि तो बराच ठिबकला. माझ्या जिभेवर सतरा वाक्यं आली. तू मला ओळखतेस. पण मी ती पेन्सिल चावली, तिच्यावर खुणा आहेत, भेटलीस की दाखवीन. शेवटी ते खुर्चीत बसले आणि माझ्याशी नाही, मशीनशी बोलल्यासारखे बोलायला लागले.

तुम्ही या घरात राहायला आलात त्या दिवशी त्यांना दुकानातून निघता आलं नाही. संध्याकाळी आले तर सगळं सामान अजून खोक्यांत, पण मशीन मात्र लावलेलं. तुला कडेवर घेऊन आईने दिवसभर तेवढंच केलं होतं. दोन्ही स्पीकरच्या मधे त्यांच्यासाठी खुर्ची टाकली होती. रेकॉर्ड लावली आणि विचारलं, बरोबर आहे ना? त्यांना पहिल्या ओळीतच कळलं. भिंगातला केसाएवढा फरक पकडणारा माणूस तो, त्याला कळणार नाही? पण तिच्या केसांत धूळ होती आणि ती हसत होती. ते म्हणाले, अगदी बरोबर. पुढे सांगू सांगू म्हणता म्हणता चौदा वर्षं गेली आणि मग सांगायला ती राहिली नाही.

म्हणजे त्यांना माहीत होतं, शहाणे. मी अक्कल शिकवायला निघालो होतो त्या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मला वाटलं, आता ते म्हणतील, दोऱ्याप्रमाणे जोड. पण ते म्हणाले, एकदा सुलटं करून ऐकव. तू केलं होतंस तेव्हा रागाने मला काही ऐकूच आलं नाही. मी डावी बाजू सुलटी जोडली, रेकॉर्ड लावली आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. ती बाई आली. बरोब्बर मधे उभी राहिली, इतकी स्पष्ट की गाताना तिने श्वास कुठे घेतला तेही कळत होतं. बाबा डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकत होते. मग मी वायरी दोऱ्याप्रमाणे बदलल्या आणि तेच गाणं पुन्हा लावलं. ती विरघळली. आवाज कोपऱ्यांत गेला, तुझ्या खोलीच्या दाराशी गेला, स्वयंपाकघरात गेला. गाणं संपलं तेव्हा मला तो प्रश्न आठवला, जो लहानपणी माझे डोळे तपासताना त्यांनीच मला विचारला होता, आणि आयुष्यभर दिवसाला पन्नास वेळा लोकांना विचारला असेल. मी विचारलं, "हे बरं, की आधीचं?"

त्यांनी डोळे उघडले आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. थोडं हसलेही असावेत. म्हणाले, "हे." आणि पुढे म्हणाले, "सुलट्यात ती बाई मधे उभी राहते रे. आणि मग बाकीचं घर रिकामं वाटतं."

मी वाद घातला नाही. वायरी होत्या तशा राहू दिल्या, खुंट्या घट्ट केल्या. माझ्या हाताने मी ती चूक पक्की केली, आणि दुकानात आल्यापासून इतकं चांगलं काम माझ्या हातून झालं नव्हतं. मग त्यांच्यासमोरच मशीन कलतं करून झाकण काढलं आणि मास्तरांच्या ओळीखाली लिहिलं, 'कंडेन्सर दोन, दिवा एक. डावा उलटा आहे, तसाच बरोबर आहे. कुणी सुलटा करू नये.' खाली तारीख आणि फ्यूज. बाबांनी चष्मा कपाळावरून खाली ओढून माझी ओळ वाचली. मग मास्तरांची वाचली. ती त्यांनी दोनदा वाचली. एकोणीस वर्षं त्यांना वाटत होतं की हे त्यांच्या एकट्याचंच गुपित आहे.

आता शेवट, ज्यावर तू उडी मारली नाहीस अशी आशा आहे. तुझी अट होती, बाबा स्वतः सांगतील तेव्हाच मला लिही, त्याआधी एक ओळसुद्धा नको. मी निघालो तेव्हा बाबा म्हणाले, थांब. टेबलाच्या खणातून पाकीट काढलं, त्यावर तुझा पत्ता लिहिला, हळूहळू, एकेक अक्षर त्यांच्या तक्त्यासारखं, आणि ते रिकामंच माझ्या हातात दिलं. "तिच्या आईचं हे मी तिला कधी सांगितलं नाही," म्हणाले. "आईची चूक काढतोय असं वाटलं असतं. मला जमत नाही. तू लिही तिला. सगळं लिही." मी दाराबाहेर पडलो तरी त्यांनी दार धरून ठेवलं होतं. या वेळी मी जिना उतरेपर्यंत तसंच उघडं होतं. वरून म्हणाले, सुट्टीत ती येईल तेव्हा तूही ये, खुर्च्या तीन आहेत. तेव्हा शहाणे, पाच दहाची बस इथून जाते तशी परतीची सकाळी नऊ वाजता येते, हे मला वेळापत्रक न बघता पाठ आहे. तू कोणत्या दिवशी येतेस तेवढं कळव. मी स्टॉपवर पेन्सिल दातांत धरून उभा असेन. आधी तू बोल.

तुझाच, आणि आता सहजी न उडणारा,
फ्यूज